फोंड्याच्या मेल सर्व्हरला दुसरे कुलूप : प्रकल्प नोंदी

४ जून २०२५, बुधवार

कामाला आज सुरुवात केली: पासवर्डाखेरीज आत येताना आणखी एक ओळख पटवायला लावायची, हेच दुसरे कुलूप. आधी मागची हकीकत लिहून ठेवतो, म्हणजे उद्या हा सर्व्हर दुसऱ्या कोणी सांभाळायला घेतला तर एवढा खटाटोप कशासाठी झाला ते त्याला कळेल.

आमच्या मराठी वाचनालयाचा मेल सर्व्हर गोव्यात, फोंड्यातल्या कार्यालयातच आहे. जिन्याखाली ठेवलेला एक जुना डेस्कटॉप, त्यावर डेबियन १२ (लिनक्स प्रणाली), पत्रे पाठवणारे पोस्टफिक्स, पेट्या सांभाळणारे डव्हकॉट, आणि ब्राउझरमधून पत्रे वाचायला राऊंडक्यूब. एकूण ३४ पेट्या आहेत: कार्यालय, ग्रंथपाल, नाट्यविभाग, कार्यकारिणी आणि काही जुने सभासद. मे महिन्यात कार्यालयाच्या पत्त्यावर ‘तुमची पेटी भरली आहे, पुन्हा लॉगिन करा’ असे पत्र आले. त्यातले पान हुबेहूब आमच्या पानासारखे होते. ग्रंथपाल बाईंनी पासवर्ड टाकला. त्या रात्रीत आमच्या सर्व्हरवरून १,९०० पत्रे परदेशी पत्त्यांवर गेली आणि सकाळी आमचा आयपी पत्ता काळ्या यादीत होता. नाट्यविभागाची पत्रे चार दिवस कुठेच पोचेनात. बाईंना फार लागले. मी त्यांना सांगितले आणि इथेही लिहितो: चूक तुमची नाही. सगळे घर एकाच किल्लीवर सोडले होते, ती व्यवस्था माझी होती.

पासवर्ड बदलला, अडकलेली रांग साफ केली. तीन दिवसांनी कळले की कार्यालयाला येणारे प्रत्येक पत्र अजूनही बाहेरच्या एका पत्त्यावर जात आहे. आत शिरलेल्याने जाताना सिव्हचा (आलेल्या पत्राचे काय करायचे ते सर्व्हरला सांगणारा) एक नियम लिहून ठेवला होता. पासवर्ड बदलला म्हणून तो नियम जात नाही. हे कायम ध्यानात ठेवायचे.

त्यात १ जूनला राऊंडक्यूबची १.६.११ ही आवृत्ती आली. सेटिंगमधल्या अपलोडच्या फाइलीत यूआरएलमधून येणारे एक मूल्य तपासल्याशिवायच घेतले जात होते, आणि त्यातून लॉगिन झालेला कोणीही सर्व्हरवर स्वतःचा कोड चालवू शकत होता. उणिवांच्या जागतिक यादीत तिचा क्रमांक सीव्हीई-२०२५-४९११३. ‘लॉगिन झालेला’ असे वाचून हायसे वाटण्याचे कारण नाही. मे महिन्यात तो माणूस लॉगिन झालेलाच होता. आज दुपारी आवृत्ती बदलली, संध्याकाळी कार्यकारिणीकडून दुसऱ्या कुलपाची मंजुरी घेतली. सचिवांची अट एकच: चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी सगळे उरकायचे, कारण चवथीला सगळे आपापल्या गावच्या घरी जातात आणि आठवडाभर कोणी फोन घेत नाही. चवथ २७ ऑगस्टला आहे.

८ जून, रविवार

कोणता दुसरा घटक घ्यायचा?

एसएमएस सगळ्यांच्या ओळखीचा. पण भारतात असे एसएमएस पाठवायचे तर दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमांप्रमाणे डीएलटी या नोंदणीव्यवस्थेवर संस्थेची, हेडरची (पाठवणाऱ्याच्या नावाची) आणि मजकुराच्या साच्याची नोंदणी करावी लागते, आणि दर संदेशाचा खर्च वेगळा. सिम दुसऱ्याच्या नावावर काढून संदेश पळवण्याचे प्रकारही होतात. त्याहून मोठी अडचण आमच्याकडची: काही सभासद सांगे, वाळपईकडचे आहेत. घरी वायफाय चालते, पण मोबाईलची रेंज बाल्कांवात (घरापुढच्या बैठकीच्या ओट्यावर) येऊन उभे राहिले तरच मिळते. संदेश येईपर्यंत मुदत संपायची.

पासकी, म्हणजे पासवर्डाऐवजी फोनमध्ये किंवा संगणकात साठवलेली किल्ली, सर्वांत भक्कम. ती संकेतस्थळाच्या नावाशी बांधलेली असते, त्यामुळे नकली पानावर चालतच नाही. मेमधला प्रकार तिने नक्की थांबवला असता. पण आमच्यातल्या निम्म्यांचे फोन जुने आणि कार्यालयाचा संगणक चौघांत एक. आज तरी झेपणार नाही.

म्हणून टीओटीपी: अ‍ॅपमध्ये दर ३० सेकंदांनी बदलणारा सहा आकडी नंबर. फोनला रेंज लागत नाही, खर्च नाही. त्यातली उणीवही लिहून ठेवतो. नकली पान चालवणाऱ्याने पासवर्ड आणि नंबर दोन्ही घेऊन त्याच क्षणी आमच्या खऱ्या पानावर टाकले तर तो आत येईल. पण चोरलेला पासवर्ड रात्री, उद्या, महिन्याने वापरणे बंद होईल. आमच्याकडे तेच घडले होते.

११ जून, बुधवार

राऊंडक्यूबला जोडायची तयार प्लगइन (जोडकार्यक्रम) मिळतात. दोन वाचून पाहिली आणि शेवटी स्वतःच लहानसे लिहायचे ठरवले. कारण सोपे आहे: ज्या कोडवर ३४ जणांची पत्रे सोपवायची तो मला ओळ न ओळ समजलेला हवा.

गणित खरोखर देखणे आहे. नोंदणीच्या वेळी सर्व्हर आणि फोन यांच्यात २० बाइटांचे एक गुपित ठरते. मग दोघेही १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले ते मोजतात, त्याला ३० ने भागतात आणि आलेल्या पूर्णांकाचा गुपितासह एचमॅक-शा१ (गुपिताशिवाय काढता न येणारा ठसा) काढतात. येतात २० बाइट. शेवटच्या बाइटाचे खालचे चार बिट सांगतात की कोणत्या जागेपासून चार बाइट उचलायचे. त्यातला सर्वांत वरचा बिट सोडायचा, उरलेल्या संख्येला दहा लाखांनी भागायचे, बाकी उरते तो आपला नंबर. दोघांमध्ये एक अक्षरही जात नाही, तरी दोघांचे उत्तर एकच. मोजणीची ही रीत २००५ च्या आरएफसी ४२२६ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजातली. मोजणीच्या जागी घड्याळ आले ते २०११ च्या आरएफसी ६२३८ मध्ये.

त्याच आरएफसीत तपासणीसाठी नमुने दिले आहेत. गुपित म्हणून १ ते ९ आणि ० असे दोनदा लिहायचे, वेळ ५९ सेकंद घ्यायची, आठ आकडी उत्तर ९४२८७०८२ यायला हवे. माझे पहिल्यांदा आले नाही. मोजणीचा आकडा आठ बाइटांत, मोठा बाइट आधी, असा मांडायचा असतो. मी चारच बाइट दिले होते. सुधारल्यावर जुळले.

आणखी एक खाच. नंबराची सुरुवात शून्याने होऊ शकते. आपला नंबर पूर्णांक म्हणून ठेवून टाकलेल्या अक्षरांशी ताडला तर ते शून्य गळते आणि दहातल्या एका वेळी माणूस विनाकारण बाहेर राहतो. तुलना अक्षरमालेची, आणि तीही वेळेवरून अंदाज बांधता येणार नाही अशा फंक्शनने.

१५ जून, रविवार

आजची नोंद सविस्तर लिहितो, कारण जवळजवळ फसलो होतो.

राऊंडक्यूबमध्ये प्लगइन ठरावीक ठिकाणी ‘हूक’ लावून काम करते. मी लॉगिननंतरच्या हूकवर नंबर विचारणारे पान दाखवले. चालले. भाच्याला हाक मारली, म्हटले मोडून दाखव. त्याने पासवर्ड टाकला, नंबराचे पान आले, आणि त्याने वरच्या पट्टीत पत्त्याचा शेवट बदलून थेट मेलचे पान मागितले. सगळी पत्रे समोर! अर्ध्या मिनिटात.

कारण असे. राऊंडक्यूब पासवर्ड तपासायला आयमॅपवर (पेटीतली पत्रे वाचायच्या दारावर) लॉगिन करते आणि सत्र तिथेच पूर्ण झालेले धरते. माझे पान म्हणजे उघड्या दारासमोर लावलेली पाटी होती. ‘कृपया नंबर द्या’ असे लिहिलेली.

दुरुस्ती: सत्रात ‘दुसरी पायरी बाकी’ अशी खूण ठेवायची आणि प्रत्येक विनंतीच्या सुरुवातीला, म्हणजे स्टार्टअपच्या हूकवर, ती पाहायची. खूण असेल तर दोनच गोष्टींना परवानगी: नंबर तपासणे आणि बाहेर पडणे. बाकी काहीही मागितले, मेल, संपर्क, सेटिंग, जोडपत्र उतरवणे, तरी नंबराच्या पानावर परत. ‘हे हे बंद’ अशी यादी करू नये, ‘एवढेच चालू’ अशी करावी. बंद करायच्या यादीत काहीतरी राहतेच.

पार्श्वभूमीला जाणाऱ्या विनंत्यांचा एक त्रास झाला. त्यांना उत्तरात अख्खे पान जाऊ लागले आणि पडद्यावर चक्र फिरत राहिले. त्यांना ‘नव्या पानावर जा’ एवढाच आदेश दिल्यावर थांबले.

भाच्याला भजी खाऊ घातली. त्याने आणखी तास बसून प्रयत्न केला, जमले नाही.

२२ जून, रविवार

गुपित कुठे ठेवायचे? पासवर्डाचा हॅश (ज्यावरून मूळ पासवर्ड काढता येत नाही असा ठसा) ठेवता येतो, पण हे गुपित दर वेळी मूळ रूपात लागते. डेटाबेसमध्ये उघडे ठेवले तर बॅकअपची एक प्रत हाती लागली की दोन्ही कुलपे गेली. म्हणून सोडियम या लायब्ररीने कूटबद्ध करून ठेवले. त्याची किल्ली वेगळ्या फाइलीत, वेबच्या फोल्डरबाहेर, वाचण्याची परवानगी फक्त वेबसर्व्हरला. डेटाबेसचा बॅकअप एका डिस्कवर, किल्लीची प्रत दुसरीकडे, लिफाफ्यात, सचिवांकडे.

क्यूआर सर्व्हरवरच काढायचा. चित्र काढून देणाऱ्या बाहेरच्या सेवेला गुपित पाठवणे म्हणजे किल्लीची नक्कल परक्या माणसाकडे करायला देणे. राऊंडक्यूबमध्ये संपर्काचा क्यूआर दाखवायची सोय आधीच आहे, तीच लायब्ररी वापरली. क्यूआरसोबत गुपित अक्षरांतही दाखवले, चार चारचे गट पाडून. बेस३२ लिपीत ए ते झेड आणि २ ते ७ एवढीच चिन्हे असतात, शून्य आणि एक नसतातच. तेव्हा गोल दिसले की ओ आणि उभी रेघ दिसली की आय, असे पानावरच लिहिले.

नोंदणीच्या वेळी एकदा नंबर टाकून घेतल्याशिवाय कुलूप चालू होत नाही, हे महत्त्वाचे. क्यूआर नीट वाचला गेला नसेल तर माणूस स्वतःच्याच घराबाहेर अडकायचा.

२९ जून, रविवार

आज सर्व्हरवर कोणकोणती दारे उघडी आहेत त्यांची यादी काढली. हे काम पहिल्याच दिवशी करायला हवे होते.

राऊंडक्यूब हे पुढचे दार. तिथे आपण दुसरे कुलूप लावले. पण मागीलदारी आयमॅप ९९३ क्रमांकाच्या पोर्टवर उघडे आहे, पॉप (पत्रे उतरवून घ्यायची जुनी रीत) ९९५ वर, पत्र पाठवायचे ५८७ वर, सिव्हचे नियम लिहायचे ४१९० वर. ही चारही दारे अजून एका पासवर्डावर उघडतात. मे महिन्यातली १,९०० पत्रे राऊंडक्यूबमधून गेलीच नव्हती. सर्व्हरचा लॉग (आपोआप होणाऱ्या नोंदी) पुन्हा वाचला: ती सगळी ५८७ वरून गेली, आणि तो नियम ४१९० वरून लिहिला गेला. म्हणजे नुसते प्लगइन बसवून मी ‘आता सुरक्षित’ असे कार्यकारिणीला सांगितले असते तर ते खोटे ठरले असते, आणि ३४ जणांना रोज नंबर टाकायचा त्रास फुकट झाला असता.

वेबमेलला दुसरा घटक लावायचा म्हणजे हीच दारे मोजायची. प्लगइन लिहिणे त्यातला सोपा भाग. म्हणून आजपासून कामाचा क्रम बदलला. प्लगइन बाजूला, आधी डव्हकॉट.

पॉप कोणी वापरत नाही. बंद. ४१९० बाहेरून बंद, राऊंडक्यूब त्याच यंत्रावरून बोलते म्हणून आतून चालू. उरले आयमॅप आणि ५८७.

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

डव्हकॉटची मांडणी ठरली. पासवर्ड तपासायच्या दोन पायऱ्या, एकामागून एक.

पहिली पायरी मूळ पासवर्डाची. तिच्या एसक्यूएल प्रश्नातच (डेटाबेसला विचारायच्या ओळीत) अट घातली की जोडणी ज्या पत्त्यावरून आली तो १२७.०.०.१ (म्हणजे हेच यंत्र) किंवा त्याचा आयपीव्ही६ जुळा असेल तरच ओळ मिळावी. राऊंडक्यूब त्याच यंत्रावर असल्याने त्याला ओळ मिळते. बाहेरून आलेल्याला मिळत नाही, मग डव्हकॉट दुसऱ्या पायरीवर जाते.

दुसरी पायरी ‘अ‍ॅप पासवर्ड’ची. ज्यांना फोनमध्ये किंवा संगणकावरच्या थंडरबर्ड या मेल वाचकात पत्रे हवीत त्यांना २४ अक्षरांचा वेगळा पासवर्ड, यंत्राने काढलेला, एकदाच दिसणारा. तो राऊंडक्यूबमध्ये चालत नाही. प्रत्येक उपकरणाला वेगळा द्यावा असे मनात होते, पण एसक्यूएलच्या प्रश्नातून एकाहून अधिक ओळी आल्या तर डव्हकॉट चूक दाखवते. तूर्त माणशी एकच. बाहेरून जोडणारे आमच्याकडे सातच जण आहेत, चालेल.

पोस्टफिक्स पासवर्ड डव्हकॉटकडूनच तपासून घेते, त्यामुळे ५८७ ला हाच नियम आपोआप लागला. बाहेरच्या यंत्रावरून मूळ पासवर्ड देऊन आयमॅप आणि ५८७ दोन्ही तपासले. नाकारले. अ‍ॅप पासवर्ड देऊन तपासले. घेतला. राऊंडक्यूबमधून पत्र पाठवले. गेले.

पुढे डेबियन १३ वर जाताना हे सगळे पुन्हा लिहावे लागेल. डव्हकॉट २.४ मध्ये कॉन्फिगची रचनाच बदलली आहे. अद्ययावत करण्याची आज्ञा डोळे मिटून देऊ नये.

१३ जुलै, रविवार

चुकीचे प्रयत्न किती चालू द्यायचे याचा हिशेब.

घड्याळात थोडा फरक असतो म्हणून मी आधीचा, आत्ताचा आणि पुढचा असे तीन नंबर मान्य करतो. म्हणजे दहा लाखांत तीन. पंधरा मिनिटांत पाच प्रयत्न अशी मर्यादा ठेवली तर दिवसाला ४८० प्रयत्न होतात आणि अंदाजाने आत येण्याची शक्यता दिवसाला सुमारे ०.१४ टक्के. ऐकायला कमी वाटते. पण महिनाभर यंत्र लावून बसले तर ती चार टक्क्यांच्या वर जाते. एवढी जोखीम मला नको. म्हणून सलग दहा चुका झाल्या की दुसरी पायरी बंद, मी हाताने उघडेपर्यंत. एरवी अशी मर्यादा घातली की कोणीही खोडसाळपणे दुसऱ्याला बाहेर अडकवू शकतो. इथे तसे होत नाही, कारण ही पायरी बरोबर पासवर्ड दिल्यावरच येते. तिथे पाच चुका होणे म्हणजेच पासवर्ड बाहेर गेल्याची बातमी. पाचव्या चुकीला माझ्या फोनवर सूचना येते.

एकदा वापरलेला नंबर त्याच ३० सेकंदांत पुन्हा घ्यायचा नाही, असे आरएफसी ६२३८ स्पष्ट सांगते. शेवटचा स्वीकारलेला काळखंड पेटीवार साठवला. त्याच्या इतका किंवा त्याहून जुना आला तर नकार.

वारंवार चुकणाऱ्या पत्त्याला काही काळ अडवणारे फेल२बॅन आधीपासून आहे. गुरुवारी त्याने एक घोळ केला. नाट्यविभागातल्या एकाने वाचनालयाच्या वायफायवरून पासवर्ड सहा वेळा चुकवला. तो सर्व्हरचे बाहेरचे नाव वापरत होता, राउटरने सगळ्यांना एकच पत्ता दिला, आणि अख्खे वाचनालय तासभर बाहेर. आतला पत्ता वगळण्याच्या यादीत टाकला.

१८ जुलै, शुक्रवार

काल वीज गेली. आमच्याकडे पावसात जातेच, पण या वेळी पाच तास. यूपीएस दीड तासाने संपला. वीज आली तेव्हा इंटरनेट अजून आले नव्हते. ग्रंथपाल बाई कार्यालयातूनच आतल्या जाळ्यावर लॉगिन करत होत्या (चाचणीत त्या पहिल्या). नंबर चुकीचा, पुन्हा चुकीचा, पुन्हा चुकीचा.

सर्व्हरचे घड्याळ साडेतीन तास मागे होते. मदरबोर्डावरची बटणासारखी बॅटरी मेलेली. सिस्टमडी (लिनक्स सुरू करणारा कार्यक्रम) शेवटची ठाऊक असलेली वेळ फाइलीत जपते आणि सुरू होताना घड्याळ निदान तिथवर आणते. पुढची वेळ जाळ्यावरून यायची, आणि जाळेच नव्हते. बाईंनी मी छापून दिलेल्या कागदावरचा सुटका-कोड (नंबर चालेना तर वापरायचा) टाकला आणि आत गेल्या. सुटका-कोडांना घड्याळ लागत नाही. माणशी दहा कोड, एक वापरला की तो बाद, डेटाबेसमध्ये फक्त हॅश. त्यांची पहिली खरी परीक्षा अशी झाली आणि ते उतरले, याचा मला मनापासून आनंद झाला.

आज सीआर२०३२ बॅटरी बदलली. घड्याळ जुळवणारे क्रोनी बसवले, वेळ एनआयसीच्या (राष्ट्रीय माहिती केंद्राच्या) आणि राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळसर्व्हरवरून. सायबर सुरक्षेची सरकारी संस्था सर्ट-इन हिच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत हेच सर्व्हर सांगितले आहेत. लॉग १८० दिवस ठेवायचे तेही त्यातच आहे. आमचे काही आठवड्यांतच पुसले जात होते. मेमधल्या प्रकाराचा शोध घेताना ते जेमतेम हाताशी होते. बदलले.

बाईंनी तो कागद दाखवला. पर्सच्या कप्प्यात महिनाभर राहून दमट झालेला, शाई पसरलेली, दहापैकी तीन कोड वाचता येईनात. इंकजेटवर छापले होते. आता सगळ्यांचे लेझरवर छापून प्लास्टिकच्या पाकिटात देणार.

२७ जुलै, रविवार

नोंदणीचा पहिला दिवस. वाचनालयाच्या सभागृहात अकरा जण.

मी पानावर ‘ओटीपी टाका’ असे लिहिले होते, कारण हा शब्द सगळ्यांना येतो. झाले असे की सगळे फोन हातात धरून एसएमएसची वाट पाहत बसले. खजिनदार काका तर म्हणाले, “ओटीपी कोणालाही सांगायचा नाही असं बँक सांगते, मी इथे कसा टाकू?” त्यांची शंका अगदी योग्य होती. तिथल्या तिथे मजकूर बदलला: ‘मोबाईलमधल्या अ‍ॅपमध्ये आत्ता दिसणारा सहा आकडी नंबर’. त्याखाली: ‘हा नंबर फक्त या पानावर टाकायचा, फोनवर कोणालाही सांगायचा नाही, आम्हालाही नाही’. लांब आहे, पण त्यानंतर कोणी अडले नाही.

मग मास्तर. वय ऐंशीच्या पुढे, पत्रे स्वतः देवनागरीत टाइप करतात. त्यांचा नंबर दर वेळी चूक. मी मागे उभा राहून पाहिले, आकडे बरोबर होते. फक्त ते देवनागरी होते! त्यांच्या संगणकावर इनस्क्रिप्ट कळफलक चालू होता आणि माझा कोड १, २, ३ ला आकडेच मानत नव्हता. मराठी वाचनालयासाठी लिहिलेल्या कोडमध्ये हे सुचायला हवे होते. आता देवनागरी आकडे आधी रूपांतरित होतात, मध्ये सुटलेली जागाही निघून जाते. मास्तर म्हणाले, “बाळा, मी आकडे बदलायला तयार होतो.” मी म्हटले, “नको मास्तर, आकडे बरोबर आहेत.”

३ ऑगस्ट, रविवार

दुसरी खेप, चौदा जण. वास्कोचे तिघे तिथल्या दामोदर सप्ताहाच्या उत्सवामुळे आले नाहीत, त्यांना पुढच्या रविवारी.

‘हा संगणक ३० दिवस लक्षात ठेवा’ ही सोय सगळ्यांनी मागितली. घरच्या संगणकासाठी दिली: यादृच्छिक टोकन (यंत्राने काढलेली खूण), डेटाबेसमध्ये त्याचा हॅश, कुकी फक्त एचटीटीपीएसवर आणि स्क्रिप्टला न दिसणारी. कार्यालयाच्या सामाईक संगणकाच्या पत्त्यावर हा पर्याय दिसतच नाही. यावर थोडी कुरकुर झाली. मी बदलणार नाही.

फोन हरवला तर? यावर कार्यकारिणीत तासभर चर्चा झाली आणि मला ती सर्वांत मोलाची वाटली. मला फोन करून कोणी म्हणाले, ‘मी अमुक बोलतोय, माझे कुलूप काढ’, तर मी काढायचे का? आवाज ओळखीचा वाटला तरी नाही. ठरले ते असे: आधी सुटका-कोड. तेही गेले तर वाचनालयात प्रत्यक्ष यायचे, किंवा ओळखणाऱ्या दोन कार्यकारिणी सदस्यांनी मला वेगवेगळे कळवायचे. कुलूप काढले की जुने गुपित, जुने सुटका-कोड, लक्षात ठेवलेले संगणक आणि अ‍ॅप पासवर्ड सगळे रद्द, आणि वहीत सही.

१७ ऑगस्ट, रविवार

आज सगळ्यांच्या मूळ पासवर्डाला बाहेरचे दार बंद केले (६ जुलैला फक्त चाचणी होती) आणि सत्रांचे कोष्टक रिकामे केले, म्हणजे आधीपासून उघडी असलेली लॉगिनेही गेली. दुपारपर्यंत पाच फोन, सगळे ‘मोबाईलवर पत्रे येत नाहीत’ म्हणून. सातपैकी पाच. अ‍ॅप पासवर्ड देऊन एकेकाचे सुरू केले.

परत उभारणीचा सरावही केला. रिकाम्या यंत्रावर डेटाबेस चढवला आणि मुद्दाम किल्लीशिवाय सुरू केला. एकही नंबर जुळला नाही. मग सचिवांकडचा लिफाफा मागवला, किल्ली टाकली, जुळले. लिफाफा पुन्हा बंद करून सही केली.

२४ ऑगस्ट, रविवार

३४ पैकी ३३ झाले. उरलेले एक सभासद मुलाकडे परदेशी आहेत, त्यांची पेटी ते येईपर्यंत बाहेरून बंद. त्यांना तसे कळवले, त्यांनी मान्य केले.

सभागृहात माटोळीसाठी (गणपतीवर टांगायच्या फळांच्या छतासाठी) आणलेली फळे बांधायचे काम चालले होते. काकींनी केळीचा घड धरायला लावला, तेव्हा लॅपटॉप मिटला.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

पहाटे ३.४० ला फोनवर सूचना आली. नाट्यविभागातल्या एका पेटीवर बरोबर पासवर्ड, आणि दुसऱ्या पायरीवर पाच चुका. पत्ता परदेशातला. लॉग पाहिला: त्याआधी तोच पासवर्ड ९९३ आणि ५८७ वर वापरून पाहिला होता, दोन्हीकडे नाकारला गेला. दहाव्या चुकीला दुसरी पायरी बंद झाली, त्यानंतर तो पत्ता पुन्हा दिसला नाही.

सकाळी त्या सभासदांना फोन केला. तोच पासवर्ड त्यांनी दुसऱ्या एका खरेदीच्या संकेतस्थळावर ठेवला होता. नवा घालून दिला. सिव्हचे नियम पाहिले, त्यांचा स्वतःचा एकच होता, वर्तमानपत्राची पत्रे वेगळ्या फोल्डरात टाकणारा. पाठवलेल्या पत्रांची यादी पाहिली, सगळी त्यांचीच. वहीत नोंद केली, वेळ ८.१५.